दोन लाखांत मिड-सेंचुरी मॉडर्न घर: पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला सत्तरच्या दशकातल्या सोसायटीत टू बीएचके फ्लॅट घेतला आहे. हॉल दहा बाय सोळा फुटांचा, खाली जुनी मोझेइक फरशी. फर्निचरसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले आहेत. मिड-सेंचुरी मॉडर्न, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली साध्या, हलक्या फर्निचरची शैली, नवरा-बायको दोघांनाही आवडते, पण ऑनलाइन दुकानांत त्या नावाने विकला जाणारा एक सोफाच अर्धं बजेट खाऊन टाकतो. गावाकडच्या घरात आजोबांच्या वेळच्या चार लाकडी खुर्च्या आणि एक पत्र्याचं कपाट पडून आहे. सासूबाई सोबत राहतात, त्यांचे गुडघे दुखतात. काय विकत घ्यावं, काय करून घ्यावं आणि काय काढून टाकावं?

आधी सरळ उत्तर देते. दोन लाखांत हे घर चांगलं होईल. फरशी काढू नका. खुर्च्या आणि कपाट गावाहून मागवून घ्या. सोफा सुताराकडून करून घ्या, टीव्हीखालचं कपाट प्लायवुडमध्ये करा, जेवणाचं टेबल जुन्या बाजारात शोधा आणि ‘मिड-सेंचुरी’ अशी पाटी लावलेली एकही वस्तू सध्या घेऊ नका. या कामात मी बरीच वर्षं आहे आणि माझं ठाम मत आहे की या शैलीत पैशापेक्षा मापं जास्त काम करतात. म्हणून उत्तरात मापं बरीच येतील.

ही शैली महागड्या लोकांची आहे हा समज आधी मनातून काढा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात लाखो कुटुंबं लहान, नव्या घरांत राहायला गेली आणि त्यांना हलकं, सुटसुटीत, परवडणारं फर्निचर हवं होतं. डेन्मार्कमध्ये ग्राहक सहकारी संस्थांच्या एफडीबी या संघटनेने १९४२ मध्ये बोर्गे मोगेन्सन या तरुण डिझायनरला आपल्या फर्निचर विभागाचा प्रमुख केलं. सामान्य कुटुंबाला परवडेल असं चांगलं फर्निचर काढणं हे त्याचं काम होतं. १९४७ मध्ये त्याने केलेली जे-३९ ही खुर्ची बघा: बीचच्या लाकडाचे सरळ पाय, पाठीला एक रुंद वळणदार फळी, बैठक कागदी दोरीने विणलेली. ती आजही तयार होते. अमेरिकेत १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरच्या डिझाइनसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची एकसंध साच्यातली खुर्ची त्याच स्पर्धेच्या निमित्ताने घडली आणि १९५० पासून फायबरग्लासमध्ये बाजारात आली. आपल्याकडे आज लग्नाच्या हॉलपासून चहाच्या टपरीपर्यंत साच्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात, त्या याच विचाराच्या वंशातल्या. म्हणजे कमी पैशांत ही शैली करणं म्हणजे तडजोड मुळीच नाही. ती मुळात अशीच करायची होती.

आपल्या देशाचा तिच्याशी संबंधही खरा आहे. चंदीगड उभं राहत असताना, १९५१ पासून पुढची चौदाएक वर्षं, पिअर जानरे हा स्विस वास्तुरचनाकार तिथे राहिला. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालयं, वाचनालयं यांच्यासाठी त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी साग आणि वेत वापरून खुर्च्या-टेबलं केली. ती स्थानिक सुतारांनी बनवली, हजारोंच्या संख्येने. उलट्या ‘व्ही’सारखे तिरके पाय, वेताची जाळी, बाकी काही नाही. पुढे ती भंगारात गेली, परदेशी दलालांनी उचलली आणि लिलावात लाखो रुपयांना विकली जाऊ लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधनं घालावी लागली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल तिच्या स्थापनेमागे होता. त्या काळात इथल्या कितीतरी सुतारांनी, ही नावं न ऐकताच, साधे तिरके पाय, वेताची पाठ, सपाट हात असलेल्या सागवानी खुर्च्या बनवल्या. बँका, शाळा, डॉक्टरांचे दवाखाने, मध्यमवर्गीय घरं त्यांनी भरलेली होती. तुमच्या आजोबांच्या खुर्च्या जर पन्नास-साठच्या दशकातल्या असतील, तर त्या अस्सल आहेत. नक्कल ऑनलाइन दुकानात आहे.

फक्त एक खात्री करून घ्या. जुनं ते सगळं मिड-सेंचुरी नसतं. जुन्या बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतात. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या गोल लाकडाच्या काळ्या खुर्च्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डिझाइनच्या आहेत. मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या काळातलं, तीस-चाळीसच्या दशकातलं आर्ट डेको फर्निचर जाड, गोलाई दिलेलं आणि जमिनीवर पूर्ण टेकलेलं असतं, त्यावर चकचकीत पॉलिश असतं. मिड-सेंचुरी वस्तू ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्याखालून जमीन दिसते. पाय खाली निमुळते होत जातात, बऱ्याचदा किंचित बाहेर तिरके असतात, कोरीवकाम नसतं आणि लाकडाच्या रेषा हीच सजावट असते. यातली कुठलीही जुनी वस्तू सुंदर असू शकते आणि एखादी इराणी खुर्ची या खोलीत छान दिसेलही. पण चारही खुर्च्या वेगवेगळ्या काळातल्या आणल्या तर खोलीचा सूर हरवतो.

आता खुर्च्यांकडे. गावाहून आल्या की त्या उलट्या करा आणि उन्हात बघा. बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या फिकट, पांढरट भागाला लागते. एखाद-दुसऱ्या पट्टीपुरती असेल तर कीडनाशक लावून किंवा ती पट्टी बदलून काम भागतं. पायच पोखरलेला असेल तर ती खुर्ची सोडून द्या. खुर्ची डुगडुगत असेल तर घाबरू नका, सांधे सैल झाले आहेत इतकंच. सुताराला सांगा: खिळे ठोकू नकोस, सांधा उघड, जुना सरस खरवडून काढ आणि नव्याने चिकटवून शिकंजात रात्रभर ठेव. खिळा मारला की लाकूड चिरतं आणि दोन वर्षांत तोच सांधा पुन्हा हलतो.

अशा खुर्च्यांवर पुष्कळदा वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढवलेले असतात. त्याखाली साग निघाला की मन हरखतं, पण घासताना काळजी घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. रंग काढायचं रसायन लावून, खरवडून, ओल्या काचकागदाने घासायचं, मास्क लावायचा, आणि हे काम घराबाहेर, लहान मुलांपासून लांब करायचं. लाकूड अगदी कोरं, नवं दिसेपर्यंत घासायची गरज नाही. हातावर पडलेला काळसरपणा, कडांची झीज राहू द्या.

वेताची बैठक फाटली असेल तर ती पुन्हा विणून मिळते. भोकं पाडलेल्या चौकटीवर हाताने विणलेली जाळी आणि खाचेत दाबून बसवलेली तयार जाळी असे दोन प्रकार आहेत. तुमच्या खुर्चीच्या चौकटीला कडेने भोकं असतील तर हातविणकामच करून घ्या. वेळ लागतो, पण टिकतं. हे काम आपल्याकडे अनेक अंध कारागीर पिढ्यान्‌पिढ्या फार उत्तम करत आले आहेत, तुमच्या भागात चौकशी केलीत तर कुणी ना कुणी सापडेल. वेत फाटलेला नसेल, फक्त खाली लोंबला असेल, तर खुर्ची उलटी करून जाळीची खालची बाजू ओल्या फडक्याने चांगली भिजवा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. वेत वाळताना आवळतो. वेत परवडत नसेल तर नवार हा चांगला पर्याय आहे, सुती नवार आडवी-उभी विणून घ्यायची. जे-३९ सारखी दोरीची बैठक हवी असेल तर बाज विणणाऱ्या कारागिराला चित्र दाखवा, तो जाड सुती दोरीत ती सहज करून देईल.

फरशीबद्दल एवढंच सांगते की मोझेइकवर व्हिट्रिफाइड टाइल बसवायला लाखभर रुपये घालू नका. बारीक संगमरवरी तुकड्यांची ती फरशी याच काळाची आहे. मशीनने घासून पॉलिश करून घ्या, तुटलेल्या फरशा पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग आणि खडी मिसळून भरता येतात. जमीन चकाकली पाहिजे असा आग्रह धरू नका, मंद झळाळी पुरे.

दहा फूट रुंद हॉलचं गणित मी कागदावर मांडून दाखवते. दहा फूट म्हणजे १२० इंच. सोफ्याची खोली ३१ इंच, सोफा आणि टीपॉय यांच्यात १६ इंच, टीपॉय २२ इंच, मग चालायला ३३ इंच आणि टीव्हीखालचं कपाट १६ इंच. बेरीज ११८. म्हणजे बसतं, पण अगदी काठोकाठ. दुकानातले ‘थ्री सीटर’ सोफे ३६ ते ४० इंच खोल असतात. तेवढ्या पाच-नऊ इंचांनी तुमची चालायची वाट बंद होते. म्हणूनच मी तयार सोफ्याच्या विरोधात आहे. एल आकाराचा सोफा तर या खोलीत विसरा. सहा फूट लांबीचा एक सोफा आणि त्याला काटकोनात आजोबांच्या दोन खुर्च्या, एवढीच बैठक ठेवा. खुर्च्या हलवता येतात, पाहुणे आले की जेवणाच्या टेबलाकडच्या दोन ओढून घेता येतात. उरलेल्या सोळा फुटांच्या एका टोकाला चार जणांचं टेबल बसतं.

सोफ्याकडे वळू, कारण तुमचे सर्वात जास्त पैसे इथे जायला हवेत. एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेले तरी चालेल. सांगाडा उघडा लाकडी, हात सपाट, पाय निमुळते, आणि वर सुट्या गाद्या. डेन्मार्कच्या सुतारांनी पन्नासच्या दशकात आशियाई साग भरपूर वापरला, अमेरिकेत अक्रोडाचं लाकूड चाललं. त्यामुळे साग आपल्याला सोयीचा आहे आणि शैलीलाही धरून आहे. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड घनफुटावर मिळतं. अशा सोफ्याला तुटफूट धरून साधारण दोन ते अडीच घनफूट लागतं. ‘अस्सल बर्मा’ म्हणून जास्त भाव सांगितला तर सावध राहा: म्यानमारने २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, आणि बाजारात आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग मोठ्या प्रमाणात येतो. तो वाईट नाही, पण त्याला बर्माचा भाव देऊ नका. माझी पहिली पसंती जुन्या वाड्यांच्या सागाला असते. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, दारांच्या चौकटी विकायला निघतात. ते लाकूड इतकं मुरलेलं असतं की नंतर वाकत नाही, पिळत नाही. सुतार कुरकुरतात, कारण आत तुटके खिळे असतात आणि रंध्याचं पातं खराब होतं. खिळे आधी काढून घेण्याची मजुरी वेगळी ठरवा म्हणजे कुरकुर थांबते.

सुताराला मोबाइलवर फोटो दाखवून काम देऊ नका. फोटोतून माप कळत नाही आणि आपले सुतार मजबुतीच्या काळजीने प्रत्येक पट्टी अर्धा इंच जाड करतात. त्या अर्ध्या इंचाने सगळा डौल जातो. त्याऐवजी मोठ्या कागदावर सोफ्याची बाजू खऱ्या मापात काढा. पाय वर पावणेदोन इंच, खाली एक इंच. तिरकेपणा दहा-बारा अंश. बैठकीची उंची गादीसकट समोरून १७ इंच, मागे दीड इंचाने कमी. पाठ साधारण १०५ अंशांत कललेली. सोफ्याखाली किमान सहा-सात इंच मोकळी जागा, झाडू आणि पोछा आरामात जाईल अशी. आधी एकच पाय करून आणायला सांगा. तो हातात घेऊन, उभा करून, लांबून बघून मग पुढचं काम सुरू करा.

या शैलीतले मूळ सोफे बरेचदा १५ इंच उंचीचे असतात आणि सासूबाईंचा प्रश्न इथेच येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल आणि बुटक्या बैठकीतून उठणं हा रोजचा त्रास आहे. सोफा १७ इंचांवर ठेवा. आजोबांच्या खुर्च्यांपैकी हात असलेली, १८ इंच उंचीची एक त्यांच्यासाठी ठरवून टाका. हाताचं टोक पुढपर्यंत यायला हवं, म्हणजे उठताना त्यावर भार देता येतो. वाचायला जवळ दिवा आणि चहाचा कप ठेवायला एक छोटं स्टूल, त्याच खुर्चीपाशी. घरातल्या ज्येष्ठांना नीट बसता येत नसेल तर त्या खोलीची कुठलीही शैली मला मान्य नाही.

गादीला ४० डेन्सिटीचा फोम बैठकीत चार-पाच इंच, पाठीला ३२ डेन्सिटी चालतो. खाली प्लायवुड ठोकू नका. रुंद इलॅस्टिक पट्टे किंवा घट्ट ताणलेली नवार लावा, त्यामुळे पातळ गादीही मऊ लागते. खोळींना चेन लावा, धुवायला काढता आल्या पाहिजेत. कापड जाड सुती हातमागाचं, एकरंगी. मोहरीसारखा पिवळा, शेवाळी, विटकरी किंवा करडा. यातला एकच रंग सोफ्याला द्या आणि तोच एखाद-दुसऱ्या उशीत, सतरंजीत पुन्हा येऊ द्या. भिंती पांढऱ्या किंवा किंचित पिवळसर पांढऱ्या. प्रत्येक भिंतीला वेगळा रंग दिला तर लाकूड दिसेनासं होतं.

टीव्हीखालच्या लांब कपाटासाठी भरीव लाकूड घेणं म्हणजे पैशांची नासाडी. रुंद सागवानी फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड घ्या, वर सागाचा व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर, लावा आणि सगळ्या कडांना भरीव सागाची पट्टी मारा. कडेची ही पट्टी टाळू नका. व्हिनियरची उघडी कड सहा महिन्यांत उसवायला लागते आणि स्वस्त काम तिथेच उघडं पडतं. हॉलसाठी आयएस ३०३ मार्कचं प्लायवुड पुरतं. ओल येणारी भिंत असेल तर आयएस ७१० घ्या. लांबी पाच-साडेपाच फूट, उंची पायांसकट २० ते २२ इंच. आत तीन फुटांपेक्षा लांब फळी आधाराशिवाय ठेवू नका, पुस्तकांच्या वजनाने ती वाकते. दारं सरकती करा, एका दाराला वेताची जाळी द्या. जाळीमागे सेट-टॉप बॉक्सचा रिमोट चालतो आणि यंत्रांना हवाही मिळते. व्हिनियरही परवडत नसेल तर साधं मॅट लॅमिनेट पांढरं किंवा शेवाळी घ्या, पाय मात्र खऱ्या लाकडाचे लावा. लाकडाची छपाई केलेलं लॅमिनेट खऱ्या सागाशेजारी ठेवू नका, ते लगेच वेगळं पडतं. ईम्स मंडळींनी प्लायवुड कधी लपवलं नाही, तुम्हीही लपवू नका.

जेवणाच्या टेबलासाठी घाई करू नका. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे फेऱ्या माराव्या लागतील. मुंबईला जाणं होत असेल तर जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एक दिवस घाला. तिथे खरं जुनं आणि नव्याने ‘जुनं’ केलेलं शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं. फरक ओळखायला वस्तूची खालची आणि आतली बाजू बघा. खण पूर्ण बाहेर काढा: आत न दिसणाऱ्या जागी लाकूड काळपट, कोरडं आणि असमान झिजलेलं असेल तर वय खरं आहे. सगळीकडे सारखाच गडद रंग लागला असेल, अगदी खणाच्या तळालाही, तर तो रंग मुद्दाम चढवलेला आहे. टेबल २९ किंवा ३० इंच उंच, खुर्चीची बैठक १७ ते १८, म्हणजे मांडीला अकरा-बारा इंचांची जागा राहते. खाली आडवी पट्टी खूप खोल आली असेल तर पाय अडकतात, म्हणून बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वरची फळी डागाळलेली असेल तर भाव पाडून घ्या, ते घासून निघतं. पाय तुटका असेल तर सोडा.

तयार फर्निचर पूर्णपणे वर्ज्य नाही. टीपॉय, पुस्तकांचं छोटं रॅक, साधी स्टुलं तयार घ्यायला हरकत नाही. स्वीडनच्या इकेआचं नवी मुंबईत तुर्भ्याला दुकान आहे. १९५६ च्या सुमारास त्यांच्याकडे एक तीनपायी टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले गेले आणि तिथून सुटे पाय घरी नेऊन जोडायची पद्धत रुजली, अशी हकिकत ती कंपनी सांगते. त्यांच्या साध्या बर्चच्या किंवा पाइनच्या वस्तू या घरात चालतील. ऑनलाइन ‘शीशम’ म्हणून मिळतं ते उत्तर भारतातलं शिसू, आपल्या सह्याद्रीतलं काळसर शिसव नव्हे. लाकूड मजबूत असतं, पण त्यावर गडद तपकिरी रंग थापलेला असतो. घेणारच असाल तर फिकट, नैसर्गिक रंगात घ्या. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या, खोक्याला चार तिरके पाय स्क्रूने जोडलेली वस्तू मात्र कितीही स्वस्त असली तरी नको. दोन घरं बदललीत की पायाचे स्क्रू पिठातून निघाल्यासारखे निघून येतात.

दिव्यांनी खोली बदलते, आणि तेही कमी पैशांत. फॉल्स सीलिंग करू नका. सत्तरच्या सोसायटीत छताची उंची जेमतेम साडेनऊ फूट असते, त्यातले सहा इंच घालवून फर्निचर बुटकं ठेवण्याचा सगळा फायदा निघून जातो. बुटक्या फर्निचरच्या वर मोकळी भिंत आणि उंची दिसली पाहिजे. ट्यूबलाइट झाडू मारायला आणि अभ्यासाला राहू द्या. संध्याकाळसाठी तीन वेगळ्या उंचीवर तीन दिवे लावा: जेवणाच्या टेबलावर टेबलापासून ३० इंच उंचीवर लोंबता, सोफ्याच्या कोपऱ्यात उभा, कपाटावर लहान. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे, पिवळसर. इसामु नोगुची या जपानी-अमेरिकी शिल्पकाराने १९५१ पासून कागदी कंदिलांचे दिवे केले, ते या काळाची ओळख झाले आहेत. साधा गोल पांढरा कागदी दिवा काही शे रुपयांत मिळतो आणि दिवाळीचा आकाशकंदील करणारे कारागीर तुम्हाला हव्या त्या मापाचा करून देऊ शकतात. बांबूच्या कामट्या आणि पांढरा कागद, झिरमिळ्या आणि सोनेरी काठ नको, एवढंच त्यांना निक्षून सांगा.

भिंतीवर एक-दोन मोठी चित्रं लावा, मध्यबिंदू जमिनीपासून ५८ इंचांवर. बहुतेक घरांत चित्रं फार वर टांगलेली असतात, मग ती आणि सोफा यांचा एकमेकांशी काही संबंधच उरत नाही. सोफ्यासमोर एक सुती सतरंजी, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील एवढी मोठी. रबराचं झाड कोपऱ्यात. सूर्यकिरणांच्या आकाराचं घड्याळ आणि फ्लेमिंगोचे फोटो नकोत, त्यांनी खोली सिनेमाच्या सेटसारखी होते.

पत्र्याच्या कपाटाला बेडरूममध्ये मानाने जागा द्या. गोदरेजने १९२३ पासून अशी कपाटं बनवली आणि पन्नास-साठच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी ती पोचली. गंज घासून, प्रायमर मारून, गॅरेजवाल्याकडून स्प्रेने मॅट शेवाळी किंवा राखाडी रंग मारून घ्या. पितळी किंवा क्रोमची मूठ तशीच ठेवा. खाली लाकडाची चार-पाच इंचांची चौकट दिली की ते जमिनीपासून उचललं जाईल. सहा फूट भिंतभर वॉर्डरोबचा खर्च यंदा वाचेल.

पॉलिशबद्दल सुतार चकचकीत मेलामाइनचा आग्रह धरेल. मॅट फिनिश मागा आणि नमुन्याच्या तुकड्यावर आधी बघा. पुण्याच्या हवेत जवसाचं तेल आणि वरून मेण हेही सुंदर होतं, वर्षातून एकदा पुन्हा हात फिरवावा लागतो. मुंबईत किंवा कोकणात दमट हवेमुळे नुसतं तेल बुरशी धरतं, तिथे मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं.

पैसे टप्प्यांत द्या. लाकूड दुकानातून तुमच्या डोळ्यांसमोर उचललं की एक तृतीयांश, सांगाडा उभा राहिला की दुसरा भाग, फोम-कापडासकट घरी पोचलं की उरलेले. सांगाडा पॉलिशच्या आधी, कोरा असताना जाऊन बघा. त्यावर बसा, डावी-उजवीकडे जोर द्या, उलटा करायला सांगा. पुट्टीने भरलेले सांधे पॉलिशखाली दिसत नाहीत. आणि हे सगळं जूनच्या आधी उरकता येत नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा. पावसाळ्याच्या ओलसर हवेत पॉलिश पांढरट पडतं, मग ते सगळं पुन्हा घासून काढावं लागतं. तेवढ्या महिन्यांत जुन्या बाजारात टेबल शोधा आणि खुर्च्यांचा वेत विणून घ्या.